हीच शाखा का घेतलीस?

डोळ्यांच्या डॉक्टरला कुणी विचारत नाही, तुमच्या घरात आंधळं कोण होतं म्हणून. दात उपटणाऱ्याला कुणी त्याच्या आजोबांची कवळी दाखवायला सांगत नाही. निशिगंधाला मात्र लग्नाच्या पंगतीत, एसटीत, बँकेच्या रांगेत, इतकंच काय, बाजारात बांगडे निवडायला वाकलेली असतानासुद्धा लोक गाठायचे आणि विचारायचे, "मानसशास्त्रात म्हणे पुष्कळ शाखा असतात. मग तू ही वेड्यांचीच का घेतलीस गो?" विचारताना आवाज खाली यायचा, डोळे बारीक व्हायचे. उत्तर विचारणाऱ्याच्या खिशात आधीच असायचं. घरात कुणीतरी असणार. काकाबिका असेल. झाकून ठेवलेला.

त्यातून ती राहायची रत्नागिरीत. शहरात मनोरुग्णालय आहे एवढ्या भांडवलावर अख्ख्या कोकणानं या गावाच्या नावाची थट्टा करून ठेवली आहे. कुणी जरा वेगळं बोललं की 'ह्याला रत्नागिरीला न्या'. आंब्याची पेटी मागवताना मात्र हीच रत्नागिरी लोकांना गोड लागते. निशिगंधाला या थट्टेचा मनस्वी राग होता, आणि तो राग ती लपवायची नाही. लोक म्हणायचे, मनाची डॉक्टर आणि इतकी तापट! जणू मनाचा अभ्यास केला की माणसाला स्वतःचं मन ठेवायची बंदी आहे.

तिचे वडील हरिश्चंद्र पालीच्या पुढच्या एका गावातले. थोडी भातशेती, थोडी आंब्याची कलमं. आई यमुनाबाई. दोन मुली, मोठी निशिगंधा, धाकटी दीपाली. घरात वेडं कुणी नव्हतं. हे मुद्दाम सांगायचं कारण एवढंच की ते सांगावं लागतं याचीच चीड आहे. असतं तर काय झालं असतं? घरात मधुमेह असतो, दमा असतो. तो लोक पंगतीत बसून कौतुकानं सांगतात.

मध्यंतरी जिल्ह्यातल्या मानसशास्त्रज्ञांचं एक शिबिर झालं. ओळख करून देताना प्रत्येकानं आपण आपल्या शाखेकडे कसे वळलो ते सांगायचं, असं ठरलं. विनीत नावाचा तिचा सहकारी शाळांमधून मुलांसाठी काम करायचा. लहानपणी आपण तोतरे होतो, वर्गात सगळे हसायचे, म्हणून आपण मुलांची शाखा घेतली असं त्यानं सांगितलं आणि लोकांचे डोळे पाणावले. एकीचे आजोबा शेवटी कुणालाच ओळखेनासे झाले होते, तिनं म्हाताऱ्यांची शाखा घेतली. एक जण म्हणाला, मला कारखान्यातल्या माणसांचं कुतूहल होतं आणि पगारही बरा होता. त्याच्या खरेपणामुळे निशिगंधाला तो एकदम आवडला. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मला राग आला म्हणून," आणि खाली बसली. लोकांना वाटलं, हिला बोलायचं नाही. पण तिनं खरं तेच सांगितलं होतं.

कॉलेजात असताना तीसुद्धा मुलांचीच शाखा घेणार होती. तेव्हा एकदा प्राध्यापकांनी वर्गाला शहराबाहेरच्या कातळावर एका संस्थेच्या केंद्रात नेलं. आजारातून बऱ्या झालेल्या, पण घरचं कुणी न्यायला न आलेल्या बायका तिथे राहतात. पोरंपोरी नटूनथटून आली होती. बसमध्ये गाणी झाली, वाटेत वडापाव झाला. आत गेल्यावर एक जण दुसऱ्याला कोपरानं ढोसून म्हणाला, "बघ, ती बघ, एकटीच हसतेय." कुणीतरी मोबाइल काढला. दाराशी अबोलीचे गजरे ओवत बसलेल्या एका बाईनं मान वर केली आणि विचारलं, "जत्रेला आलात काय रे? पाळणा नाय हो हयसर."

सगळे हसले. निशिगंधा हसली नाही. ती त्या बाईजवळ उकिडवी बसली. बाईचं नाव गोदा. बाळंतपणात मूल गेलं आणि त्यानंतर तिचं मन फिरलं होतं. सासरच्यांनी तिला भावाच्या दारात आणून सोडलं, नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, आणि भावानं काही महिने ठेवून घेऊन शेवटी पत्ता न देता इथे आणून सोडली. औषधानं ती बरी झाली. बरी होऊनही वर्षं लोटली होती. संस्थेनं सासरी कळवलं तर उत्तर आलं, आमचा संबंध नाही. भावाचं नावगाव मात्र ती कुणाला सांगायची नाही. "येयाचा असता तर वाट ठाऊक हाय त्याला," एवढंच म्हणायची.

त्या दिवशी बसमध्ये परत गाणी सुरू झाली तेव्हा निशिगंधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई ठणठणीत होती. आजारी होते ते बाहेर, आणि त्यांना कुणी कुठे न्यायचं म्हणत नव्हतं. शाखा तिनं त्याच आठवड्यात बदलली. पुढे शिकून आली ती थेट त्याच केंद्रात कामाला लागली.

गोदा तेव्हाही तिथेच होती, आणि आजही आहे. केंद्राच्या मागे कातळ फोडून, बाहेरची माती आणून तिनं अबोली लावली आहे. तिच्या डाव्या भुवईत मधोमध एक तुटलेली रेघ आहे. लहानपणी भावानं झोपाळा जोरात ढकलला आणि ती दारच्या पायरीवर आपटली, त्याची ती खूण. हसते तेव्हा एकाच बाजूनं हसते. भावाच्या मुलाबद्दल मात्र भरभरून बोलायची. "बारशाला कानात कुर्र मी केलंय बाळाच्या. बायकांनी काय बुक्के घातलानी पाठीत! आठ दिस पाठ दुखत होती." नाव काय ठेवलं असं विचारलं की म्हणायची, "नाव सांगून काय करू? तू काय आणून देणारेस त्याला?"

मग दीपालीचं लग्न ठरायची वेळ आली.

स्थळ दापोलीचं. मुलगा सर्वेश, शेतकी विद्यापीठात नोकरीला, स्वभावानं मऊ. त्याचे वडील गुरुप्रसाद पोफळीच्या वीजकेंद्रातून निवृत्त होऊन दापोलीत बंगला बांधून राहिलेले. पत्रिका जमली, मुलामुलीनं एकमेकांना पसंत केलं. दीपाली फोनवर बोलताना अंगणात फेऱ्या मारायला लागली, आणि यमुनाबाई मनातल्या मनात साड्यांची जुळवाजुळव करायला लागल्या. तेवढ्यात मध्यस्थाकडून निरोप आला. बाकी सगळं उत्तम आहे, फक्त एकच शंका आहे. मुलीच्या मोठ्या बहिणीनं ही असली शाखा का घेतली? घरात कुणी होतं का?

हरिश्चंद्रांनी रात्रभर तळमळून काढली आणि सकाळी निशिगंधाला समोर बसवलं. "बाय, त्यात खोटा काय नाय. मुलांच्या परीक्षेचा टेन्शन घालवतंय म्हणून सांग. तो विनीत करतो ना, तसा. मुलांचा म्हटला की कुणाला काय वाटत नाय."

"बाबा, मी मुलांचं काम करत नाही."

"एक दिवस करतंस असा म्हण! बहिणीच्या जन्माचा प्रश्न हाय."

विनीतला सांगितलं तर तोही म्हणाला, सांगून टाक, काय बिघडतं, तुझं शिक्षण तर तेच आहे. म्हणजे माणसाचं दुःख शाळेच्या गणवेशात असलं की चालतं, मोठ्या बाईच्या पदरात असलं की ते लपवायचं! निशिगंधानं कुणाला होय म्हटलं नाही, पण नाही म्हणण्याचंही बळ आलं नाही. आतल्या खोलीत दीपाली होती, आणि त्या दिवशी तिनं फोन उचलला नव्हता. ताईनं खोटं बोलावं असं ती म्हणाली नाही, खरं बोलावं असंही म्हणाली नाही. ती नुसती रडून लाल झालेलं नाक पुसत होती. तेच निशिगंधाला जास्त लागलं.

मुलाचं घर बघायला म्हणून चौघं दापोलीला गेली. बंगला प्रशस्त होता. दिवाणखान्यात काचेच्या कपाटात कंपनीच्या निरोपसमारंभातली ढाल, सोफ्यावर विणलेले रुमाल. भिंतीवर ओळीनं तीन फोटो, तिघांनाही हार. एका बाजूला आजोबा, दुसऱ्या बाजूला आजी, आणि मधे एक तरुण बाई. एका बाजूनं हसणारी. डाव्या भुवईत तुटलेली रेघ.

निशिगंधानं चहाचा कप बशीत ठेवला तो वाजला. हीच बाई तीन दिवसांपूर्वी तिला ओरडली होती, अबोलीच्या रोपांवर पाय देशील म्हणून.

"ह्या कोण?" तिनं विचारलं.

"माझी धाकटी बहीण," गुरुप्रसाद म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. "गोदावरी. तापानं गेली बिचारी. पुष्कळ वर्षं झाली."

"माझं नाव आत्यानंच ठेवलं होतं म्हणे," सर्वेश म्हणाला. "मला तर आठवतही नाही. फोटोच काय तो बघत आलोय." असं म्हणून तो हसला, एका बाजूनं.

गुरुप्रसादांच्या बायकोनं मान खाली घालून चिवड्याच्या बशा सारख्या केल्या. त्या आधीच सारख्या होत्या. मग गुरुप्रसाद घसा साफ करून मुद्द्यावर आले. "आता राग मानू नका हां निशिगंधाताई. आमच्या घराण्यात असलं काही कधी झालेलं नाही, म्हणून विचारावं लागतं. मुलाबाळांचा प्रश्न असतो. ही शाखा तुम्ही का निवडलीत? म्हणजे घरात कुणी...?"

बहिणीच्या फोटोखाली बसून विचारलं त्यानं हे! जिवंत बहिणीच्या गळ्यात हार घालून, त्या हाराखाली पाय पसरून बसून! सगळ्या दुनियेनं हा प्रश्न विचारला असता तरी चाललं असतं, या माणसाला तो विचारायचा हक्क नव्हता. निशिगंधाच्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य तिचं नव्हतं, गोदाचं होतं. केंद्रात राहणाऱ्या बाईची गोष्ट तिला विचारल्याशिवाय बाहेर न्यायची नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. या माणसाच्या खोटेपणाला आज तोच नियम सांभाळून घेत होता, आणि ते तिला गिळवत नव्हतं.

हरिश्चंद्र तिच्याकडे विनवणीच्या नजरेनं बघत होते. मुलांची परीक्षा, एवढंच म्हण, असं त्यांचे डोळे सांगत होते.

"आमच्या घरात कुणी नव्हतं," ती म्हणाली. "असतं तर सांगितलं असतं. मी आजारातून उठलेल्या बायकांबरोबर काम करते. ही शाखा घेतली ती राग आला म्हणून. बऱ्या झालेल्या माणसाला घरचे लोक न्यायला येत नाहीत, त्याचा राग." आणि ती फोटोकडे बघत राहिली. गुरुप्रसादांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्या नजरेच्या रोखानं भिंतीकडे पाहिलं, आणि पंख्याचा वेग वाढवायला उठले.

वाटोळं केलंस, एवढंच हरिश्चंद्र परतल्यावर घराच्या पायरीवर म्हणाले. दीपालीनं ताईचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी निशिगंधा केंद्राच्या मागच्या अंगणात गोदाजवळ बसली. "मावशी, आमच्या दीपालीला एक स्थळ आलंय. मुलाचं घर बघायला गेलो होतो. ते तुमच्या भावाचं घर आहे. मी तिथे काही बोलले नाही. तुम्ही सांगाल तसं करीन. नको म्हणालात तर तोंड उघडणार नाही."

गोदाच्या हातातली सुई थांबली. "बाळ कसा हाय?"

"उंच आहे. तुमच्यासारखा हसतो."

"आणि घर माझ्या बाबूचा हाय म्हणून तुला कसा कळला? माझा नाव काढलानी?"

निशिगंधाला हे सांगायचं नव्हतं. पण या बाईशी ती कधी खोटं बोलली नव्हती. "भिंतीवर फोटो आहे तुमचा. आईबाबांच्या मधे. हार घातलेला."

गोदानं हातातलं अबोलीचं फूल खाली ठेवलं. मग म्हणाली, "बाबूनं हार घातलान? मला?"

"हो."

"फुलांचा?"

"नाही. प्लॅस्टिकचा."

"मेल्यानं त्यातसुद्धा चिकटपणा केलान!" गोदानं दातांनी दोरा तटकन तोडला. तिचे डोळे कोरडे होते आणि नाकपुड्या थरथरत होत्या. इतक्या वर्षांत निशिगंधानं तिला रडताना पाहिलं होतं, गप्प बसलेली पाहिलं होतं, पण रागावलेली आज पहिल्यांदा पाहत होती. आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. या बाईला रागवायचा हक्क होता आणि आजवर तो कुणी तिला दिला नव्हता.

"ऐक," गोदा म्हणाली. "तू आपणहून काय बोलू नको. तुझ्या भैनीचा लगीन ठरतंय, त्यात माझा मुडदा मधे आणायचा नाय. बाबूनं विचारलान तर त्याला काय सांगायचा नाय, त्याला सगळा ठाऊक हाय. पण बाळानं विचारलान ना, तर खोटा बोलायचा नाय. त्यांनी मारलानी मला, तू नको मारू."

चमत्कार असा की आठवडाभरात दापोलीहून होकार आला. शंका फिटली होती म्हणे. सुपारी फोडायचा कार्यक्रम आमच्याकडेच करू, जागा मोठी आहे, असंही कळवलं. घरात आनंदीआनंद झाला. ताईनं खरं बोलून बघ कसं काम केलं, असं हरिश्चंद्र आता उलट चारचौघांत सांगू लागले. निशिगंधाला मात्र तो होकार खरा वाटला नाही. शंका फिटली नव्हती. माणूस घाबरला होता, आणि होकार देऊन तिचं तोंड बंद करू बघत होता. दीपालीला सगळं सांगून टाकावं असं तिच्या कितीदा मनात आलं. पण गोदाला दिलेला शब्द होता, आणि दीपाली पुन्हा अंगणात फेऱ्या मारत फोनवर हसत होती.

सुपारीच्या दिवशी दापोलीच्या दिवाणखान्यात सतरंजी घातली होती. नारळ, तांदूळ, हळदकुंकू मांडलं होतं. निशिगंधानं आत पाऊल टाकलं आणि तिची नजर आधी भिंतीवर गेली. आजोबा होते. आजी होती. मधे नुसता खिळा, आणि त्याखाली बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ असा एक चौकोन.

हार काढला नव्हता त्यानं. बहीणच काढली होती! आधी जिवंतपणी मारून टाकली, आणि आता मेलेली म्हणूनसुद्धा ती घरात नको झाली. पण आपणहून बोलायचं नव्हतं. ओठ घट्ट मिटून ती यमुनाबाईंच्या शेजारी बसली.

सर्वेश पाटाकडे येता येता थांबला. "बाबा, आत्याचा फोटो कुठे गेला?"

"काच फुटली. करायला दिलाय," गुरुप्रसाद म्हणाले. "बस तू. मुहूर्त टळतोय."

"कधी फुटली? काल संध्याकाळी होता की."

"बस म्हटलं ना!"

सर्वेश बसला नाही. आजच्या दिवशी आत्याला नमस्कार करायचा त्याच्या मनात असावं. तो त्या उजळ चौकोनाकडे बघत राहिला, मग वडिलांकडे, आणि मग त्याची नजर निशिगंधावर येऊन थांबली. "ताई, तुम्ही त्या दिवशी तो फोटो किती वेळ बघत होतात. तुम्ही आत्याला ओळखता का?"

गुरुप्रसादांच्या हातातला नारळ हातातच राहिला. "निशी," हरिश्चंद्र दबक्या आवाजात म्हणाले. दीपालीनं चमकून बहिणीकडे पाहिलं. इतकी वर्षं लोकांनी निशिगंधाला भलताच प्रश्न विचारला होता. बरोबर प्रश्न विचारणारा हा पहिलाच माणूस, आणि त्याला विचारायचा हक्क होता.

"ओळखते," ती म्हणाली. "परवाच भेटलो आम्ही. रत्नागिरीला, आमच्या कातळावरच्या केंद्रात असतात त्या. आजारी होत्या, त्याला खूप वर्षं झाली. आता ठणठणीत आहेत. तुमचं नाव घेत नाहीत, बाळ म्हणतात."

"काय वाट्टेल ते बोलू नका!" गुरुप्रसाद ओरडले. "आमची गोदा आमच्या डोळ्यांदेखत..."

"झोपाळा तुम्ही ढकलला होतात," निशिगंधा म्हणाली. "त्या पायरीवर पडल्या. अजून आहे ती खूण."

नारळ गुरुप्रसादांनी तांदळावर परत ठेवला, तो कलंडला आणि सतरंजीवर घरंगळत गेला. कुणी उचलला नाही. स्वयंपाकघराच्या दारात सर्वेशची आई तोंडाला पदर लावून उभी होती, आणि तिला काहीच नवीन ऐकू आलेलं नव्हतं, हे तिच्याकडे बघून कुणालाही कळलं असतं. "आई, तुलापण माहीत होतं?" सर्वेशनं विचारलं. ती भिंतीला टेकून हळूच खाली बसली.

"लोक काय म्हटले असते?" गुरुप्रसाद पुटपुटले. "तुझं लग्न झालं असतं का अशानं?"

दीपाली उठली. नवी साडी सावरत ती दाराशी गेली आणि तिनं चपला घातल्या. "लग्न आत्याला विचारल्याशिवाय ठरणार नाही," ती सर्वेशला म्हणाली. "गाडी काढतोस?"

सर्वेशनं खुंटीवरची किल्ली घेतली. यमुनाबाई कधी नव्हे त्या चटकन उठल्या, आणि ताटातलं कुंकू त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून दीपालीच्या हातात दिलं. हरिश्चंद्र तोंड उघडून बसले होते, पण त्यांनी कुणाला अडवलं नाही.

निशिगंधा दोघांच्या मागोमाग पायरीपर्यंत आली. राग अजून तिच्या अंगात धगधगत होता, त्यामुळे तिचा आवाज होता त्याहून मोठा निघाला आणि आत बसलेल्यांनाही ऐकू गेला.

"वाटेत फुलं घ्या त्यांच्यासाठी," ती म्हणाली. "गजरा घ्या. हार नको."